पार्श्वभूमी: शेंगेनमधले नव्वद दिवस आणि त्यापुढचा मुक्काम

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे आपसात सीमेवरची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा टप्प्याटप्प्याने संगणकातली नोंद घेऊ लागली. तेव्हापासून एक जुना प्रश्न नव्याने विचारला जातोय: ‘माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे, मग तीन महिन्यांत परत का फिरायचं?’ उत्तर व्हिसाच्या स्टिकरवरच असतं. ‘पासून–पर्यंत’ या तारखा म्हणजे व्हिसा वापरायची मुदत. मुक्काम किती, ते दिवसांच्या रकान्यात वेगळं छापलेलं असतं आणि तिथे नव्वदच्या वर आकडा जात नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांना आधीच्या प्रवासाच्या जोरावर दोन आणि मग पाच वर्षांचे व्हिसा देण्याचं धोरण आलं, तेव्हापासून हा गैरसमज जास्तच फोफावला. मुदत वाढली, मुक्काम होता तेवढाच राहिला.

पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बरंचसं पासपोर्टशिवाय फिरता यायचं आणि युद्धातली तात्पुरती बंधनं पुढे कायमची झाली, हे अनेकदा सांगून झालंय. आपल्या कामाचा इतिहास १४ जून १९८५ ला सुरू होतो. त्या दिवशी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. त्या कागदात आपसातली नाकी काढण्याची इच्छा होती. तपशील १९९० च्या करारात आला आणि अंमल २६ मार्च १९९५ पासून. त्या करारात एक वाटणी केली गेली: तीन महिन्यांपर्यंतचा व्हिसा सगळ्यांचा सामाईक, त्यापुढचा ज्याचा त्याने आपल्या कायद्याने द्यायचा. म्हणजे दीर्घ मुक्काम कशाला म्हणायचं हे कुणी सरळ लिहिलंच नाही. तीन महिन्यांत मावत नाही तो दीर्घ, एवढंच. साहजिकच सगळा भार ‘तीन महिने’ कसे मोजायचे यावर आला, आणि नेमकं तेच वाक्य ढिलं राहिलं.

मूळ शब्द साधारण असे होते: पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासूनच्या सहा महिन्यांत जास्तीत जास्त तीन महिने. आता ‘पहिला प्रवेश’ म्हणजे कुठला? आयुष्यातला पहिला? की सहा महिने उलटल्यानंतरचा पहिला? सीमेवरचे अधिकारी आपापल्या परीने अर्थ लावत होते. फ्रान्सने एका रुमेनियन नागरिकाला देश सोडायला लावला, ते प्रकरण युरोपीय न्यायालयात पोचलं आणि ३ ऑक्टोबर २००६ ला निकाल लागला. अगदी पहिला प्रवेश तर धरायचाच, शिवाय तिथून मोजलेले सहा महिने संपल्यानंतर जो पहिला प्रवेश होईल तोही नवा ‘पहिला प्रवेश’ समजायचा. शब्दाला धरून पाहिलं तर निकाल बिनचूक होता. पण त्यातून जी फट पडली ती न्यायालयालाही दिसत होती.

फट अशी. १ जानेवारीला एक दिवस येऊन जायचं. मग ३ एप्रिलला यायचं आणि ३० जूनपर्यंत राहायचं, हे झाले ८९ दिवस. सहामाही संपली. सीमेबाहेर पाऊल टाकून १ जुलैला परत आलं की नवी सहामाही, नवे तीन महिने, सप्टेंबरअखेरपर्यंत. एप्रिल ते सप्टेंबर असा जवळजवळ सलग सहा महिन्यांचा मुक्काम, तोही दीर्घ मुदतीचा व्हिसा न काढता! ही पळवाट नव्हती; कायद्याने दिलेली वाट होती. ती किती जणांनी वापरली यापेक्षा ती उघडी आहे हीच सरकारांची अडचण होती.

दुरुस्ती १८ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाली. ‘पहिला प्रवेश’ हे शब्द गेले, ‘तीन महिने’ जाऊन ‘९० दिवस’ आले, आणि सहामाहीऐवजी ‘कोणत्याही १८० दिवसांत’. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासकट मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरायचे. कागदावर हे आधीपेक्षा न्याय्य आहे. पण सहामाही ठरलेली होती तेव्हा एक तारीख लक्षात ठेवली की भागत होतं; आता ही १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते.

समजा, जानेवारीत १ ते १० असे दहा दिवस कुणी राहून आलं आणि १ मे रोजी पुन्हा गेलं. सरळ वजाबाकी म्हणते, ८० उरले, १९ जुलैला निघा. प्रत्यक्षात ३० जूनपासून जानेवारीतला एकेक दिवस खिडकीबाहेर पडू लागतो आणि ९ जुलैपर्यंत दहाही दिवस जातात. व्हिसाची मुदत तेवढी असेल तर पूर्ण ९०, म्हणजे २९ जुलैपर्यंत राहता येतं. इथे चूक प्रवाशाच्या पथ्यावर पडली. उलट चुकली की ओव्हरस्टेचा, म्हणजे परवानगीपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका बसतो. मुलांकडे गेलेल्या सत्तरीच्या आजीआजोबांनी हा हिशेब कसा ठेवायचा? अधिकृत कॅल्क्युलेटर आहे, पण हिशेबाची जबाबदारी प्रवाशाची, आणि ते बरोबर झालं असं मला वाटत नाही.

भर म्हणजे शेंगेनचं आवारही बदलत राहिलं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला, बल्गेरिया आणि रुमेनिया १ जानेवारी २०२५ ला पूर्णपणे. दिवस भरत आले की तिथे जाऊन थांबायची जुनी युक्ती त्याबरोबर गेली. काही देशांचे नागरिक मात्र शेंगेनच्या आधीचे द्विपक्षीय करार दाखवून एकेका देशात वेगळे तीन महिने अजून मागू शकतात.

नव्वदच्या पलीकडच्या बाजूला वेगळीच गंमत होती. विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला दीर्घ मुदतीचा, ज्याला ‘टाइप डी’ म्हणतात तो व्हिसा मिळायचा, पण त्यावर शेजारच्या देशात फिरता येत नव्हतं. निवास परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत वर्षभर शिकायला आलेला माणूस आठवड्याभरासाठी आलेल्या पर्यटकापेक्षा जास्त अडकलेला! ५ एप्रिल २०१० पासून हे सुटलं: इतर देशांत सहा महिन्यांत तीन महिने, आता १८० दिवसांत ९० दिवस.

कायम वास्तव्याकडे जाणारा सामाईक रस्ता युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात आखला गेला, तो आयर्लंड आणि डेन्मार्क सोडून. पाच वर्षं सलग कायदेशीर राहणं ही अट. मध्ये बाहेर गेलात तर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी आणि पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांपर्यंत चालतं. हा दर्जा मिळाल्यावर सलग बारा महिने संघाबाहेर राहिलं की तो जातो. पण बारा महिन्यांत थोडेच दिवस येऊन गेलं तर? २० जानेवारी २०२२ ला न्यायालयाने सांगितलं, काही दिवसांचं येणंही पुरेसं. एकीकडे दिवस न् दिवस मोजणारी खिडकी, दुसरीकडे चार दिवसांची चक्कर पुरते.

सीमेवरच्या नव्या संगणकात निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांची नोंद होतच नाही, आणि परवान्यावर काढलेले दिवस नव्वदात धरायचे नाहीत. परवाना संपल्यावर तोच माणूस पर्यटक म्हणून परत आला, की त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते.