शू ट्री वेगळा आणि शू स्ट्रेचर वेगळा, घ्यायच्या आधी एकदा वाचा

ऑनलाइन शोधलं की एकाच वस्तूच्या नावात शू ट्री, स्ट्रेचर, शेपर, एक्सपांडर असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं, आणि फोटोतही दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात, पावलाच्या आकाराचं लाकूड, मध्ये धातूची दांडी, मागे टाचेचा तुकडा, लहानमोठं करायची सोय. माझ्या धाकट्या भावाने लग्नात घेतलेले ब्राऊन ऑक्सफर्ड, म्हणजे लेसचे फॉर्मल चामडी बूट, नीट राहावेत म्हणून असंच एक मागवलं, आला तो स्ट्रेचर, तोही एकच नग, आणि घट्ट बसला पाहिजे असं समजून त्याने हँडल पिळून पिळून आवळलं आणि आठवडाभर तसाच ठेवून दिला. काढला तेव्हा करंगळीच्या बाजूला चामडं फुगलेलं आणि सोलजवळची शिवण दोन ठिकाणी उसवलेली. शिवण मोचीकाकांनी परत घालून दिली, पण तो फुगवटा काही गेला नाही. एवढा जीव लावून घेतलेला जोड होता तो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फरक एका वाक्यात सांगायचा तर ट्री बुटाला आधार देतो आणि स्ट्रेचर बुटाला ताण देतो. ट्री पायाला नीट बसणाऱ्या बुटासाठी असतो, स्ट्रेचर चावणाऱ्या बुटासाठी.

आता हे दोन्ही चालतात कशावर ते बघा, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं एकमेकात गुंतलेलं जाळं, ते दमट आणि कोमट असताना तंतू थोडे सरकतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्याच आकारात बसतात. दिवसभर घातलेला बूट संध्याकाळी काढला की आतून दमट असतोच, चवड्याजवळ जिथे पाय दुमडतो तिथे घड्या पडलेल्या, पुढचं टोक किंचित वर उचललेलं, आणि तो तसाच रॅकमध्ये टाकला की रात्रभरात त्या घड्या पक्क्या होतात, दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत, तिसऱ्या दिवशी परत, आणि मग कधीतरी नेमकी त्याच घडीत चीर पडते. म्हणजे बूट पायात असताना जेवढा खराब होतो तेवढाच तो काढून ठेवल्यावर वाळतानाही होत असतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

ट्री नेमकं इथे काम करतो. बूट काढल्यावर तासाभरात, चामडं अजून नरम असताना आत घालायचा. पुढचा भाग दाबून सरकवायचा, स्प्रिंग दाबून टाच आत बसवायची, आणि दोन बोटं त्या घडीवर ठेवून बघा, लाकूड पुढे गेलं की सुरकुती बोटाखाली सपाट होताना कळते. एवढंच हवं, याहून जास्त नको. लेसची भोकं असलेले दोन पट्टे एकमेकांपासून ओढल्यासारखे लांब गेले, किंवा टाचेची मागची शिवण बाहेर फुगली, तर ट्री मोठा आहे, आणि मोठा ट्री म्हणजे रोज रात्री गुपचूप चालणारा स्ट्रेचरच. पुढचं लाकूड बहुतेक मधून चिरलेलं असतं आणि त्या फटीत स्प्रिंग असते, त्यामुळे रुंदी बुटाप्रमाणे कमीजास्त होते. फट पूर्ण मिटून दोन भाग एकमेकांना टेकले तर तो ट्री त्या बुटासाठी रुंद आहे.

स्वस्तातले प्लास्टिकचे मिळतात ना, पुढे पंजा, मध्ये वाकणारी स्टीलची पट्टी आणि मागे लहानसा गोळा, ते रोजच्या वापरासाठी मला अजिबात पटत नाहीत, कारण सगळा दाब टाचेच्या एका ठिपक्यावर येतो आणि काही महिन्यांनी तिथे खड्डा पडल्यासारखा दिसतो. प्रवासात एखादी रात्र ठीक. रोजसाठी मागे टाचेच्या आकाराचं भरीव लाकूड असलेलाच घ्या.

लाकूड कुठलं हाही प्रश्न असतोच. सिडार म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अमेरिकेतलं ईस्टर्न रेड सिडार, आणि गंमत म्हणजे ते खरं सिडार नाहीच, जुनिपर या वेगळ्याच झाडाचा प्रकार आहे, पूर्वी पेन्सिली याच लाकडाच्या व्हायच्या म्हणून ट्री नवा असताना अगदी पेन्सिल सोलल्यासारखा वास येतो. खरा सिडार म्हणाल तर आपला हिमालयातला देवदार. युरोपात बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे ट्रीही खूप असतात, आकार धरायला तेही उत्तम, फक्त वास नसतो. महत्त्वाचं इतकंच की लाकूड कोरं हवं. चकचकीत वॉर्निश मारलेला ट्री दिसायला छान पण तो ओल शोषत नाही. सिडारचा वास कमी झाला की पॉलिश पेपर हलका फिरवायचा, परत येतो.

आता स्ट्रेचर. याला स्प्रिंग नसते, स्क्रू असतो, आणि सगळा फरक त्या स्क्रूत आहे. स्प्रिंग बुटाला जितकं हवं तितकं ढकलून थांबते, स्क्रू थांबत नाही, आपण फिरवू तितका तो पुढे जातो. बाहेर आलेलं लांब हँडल फिरवलं की पुढचे दोन भाग बाजूला सरकतात आणि चवड्याची रुंदी वाढते, ज्यात दोन स्क्रू असतात त्यात लांबीही ताणता येते. लाकडावर लहान लहान भोकं असतात, त्यात सोबत आलेली प्लास्टिकची बटणं बसवायची, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असेल किंवा करंगळीवर कुरूप असेल तर फक्त तेवढ्याच जागी ताण देता येतो. ओळखायची अजून एक सोपी खूण, ट्री सहसा जोडीने येतो, बऱ्याचदा डावा उजवा वेगळा, आणि स्ट्रेचर बऱ्याचदा एकच असतो, दोन्ही पायांच्या बुटाला चालणारा, कारण त्याचं काम झालं की तो काढून ठेवायचा असतो.

वापरायची पद्धत अशी की आधी मोजे घालून बूट चढवायचा आणि नक्की कुठे चावतोय ते बोटाने चाचपून बघायचं. स्ट्रेचर पूर्ण सैल करून आत घालायचा, हँडल हाताला जड लागेपर्यंत फिरवायचं, त्यानंतर फार तर एक-दोन फेरे, आणि 24 तास तसंच सोडायचं. सैल करून, काढून, घालून बघायचं. कमी वाटलं तर परत एक दिवस. ताण काढला की चामडं थोडं मागे येतंच, पण म्हणून पहिल्याच दिवशी जास्तीचे फेरे देऊ नका, कमी ताणलेला बूट उद्या परत ताणता येतो, जास्त ताणलेला लहान करता येत नाही. स्ट्रेचिंगचा स्प्रे आतून मारला तर लवकर होतं, पण आधी कडेला कुठेतरी रंग उतरत नाही ना ते बघून घ्या.

आणि लांबीची आशा फार धरू नका प्लीज. यूके मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर, एवढं स्ट्रेचरने वाढत नाही, कारण वरचं चामडं ताणलं तरी खालचा सोल तेवढाच राहतो. रुंदीला थोडी जागा होते. बोटं पुढे टेकत असतील तर नंबरच चुकलाय, बदलून घ्या. रेक्झिन किंवा पीयूचे, म्हणजे नकली चामड्याचे, बूट तर स्ट्रेचरवर चढवूच नका, ते ताणले जात नाहीत, वरचा थर तडकतो, आणि पेटंट लेदरचं, म्हणजे वर चकचकीत थर दिलेल्या चामड्याचंही, तेच.

फर्मा हा तिसराच प्रकार, ज्यावर बूट मुळात बांधला जातो तो. महागड्या बुटांसोबत त्याच फर्म्याच्या आकाराचा ट्री मिळतो, त्याहून नीट बसणारा ट्री दुसरा नाही, पण तो नसला म्हणून काही अडत नाही.

आपल्याकडचा खरा प्रश्न पावसाळा. बूट चिंब भिजून आला तर लगेच ट्री घालायचा नाही, आधी पेपरचे बोळे भरायचे, ते ओले झाले की बदलायचे, दोन-तीनदा तरी, आणि पाणी निघून नुसता दमटपणा राहिला की मग ट्री. गॅसजवळ, उन्हात, हेअर ड्रायर मारून वाळवू नका, चामडं आखडून कडक होतं. भिजलेल्या बुटात स्ट्रेचर तर अजिबात नको, ओलं चामडं इतकं सहज ताणलं जातं की हँडल फिरवताना हाताला कळतच नाही किती झालं ते.

एकच ट्रीची जोडी परवडत असेल तर ती आज घातलेल्या बुटात घाला, उद्या संध्याकाळी काढून उद्याच्या बुटात, पहिला एक दिवसच सगळ्यात महत्त्वाचा असतो. स्ट्रेचर विकत घ्यायची मात्र बहुतेकांना गरजच नसते, काही मोचीकाकांकडे असतो, वर्षातून एखादाच बूट चावतो, त्यांच्याकडेच द्या, फक्त कुठे चावतो ती जागा खडूने खूण करून द्या.