वक्री मंगळ, सात तबकड्या आणि मिलानचा ड्यूक

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर चार महिन्यांनी एक निरोप नेमाने येतो. बुध वक्री होतोय, नवे करार करू नका, मोबाइल घेऊ नका, जुनी भांडणं उकरून काढू नका. (शेवटचा सल्ला बुध कुठेही असला तरी पाळावा.) बुध साधारण ११६ दिवसांनी वक्री होतो, तेव्हा निरोप धाडणाऱ्याच्या शिस्तीला दाद द्यायला हवी. या खेपेला मात्र कुणीतरी खाली विचारलं, "वक्री म्हणजे ग्रह खरंच उलटा फिरतो का?" उत्तरादाखल हात जोडलेल्या तीन इमोजी आल्या.

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर साडेसहाशे वर्षांपूर्वी पितळेत कोरलेलं आहे. ते ज्याच्या किल्ल्यात ठेवलं होतं तो माणूसही काही कमी वल्ली नव्हता.

जियान गालेआत्सो व्हिस्कोंती. जन्म १३५१. वडील पाव्हियाला, काका बेर्नाबो मिलानला, आणि दोघांत उत्तर इटलीतला लोंबार्दी प्रांत वाटलेला. नऊ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा फ्रान्सच्या राजाच्या मुलीशी त्याचं लग्न लागलं, कारण राजा इंग्रजांच्या कैदेत होता आणि खंडणी भरायला व्हिस्कोंतींचा पैसा हवा होता. मोठेपणी हा अबोल, पुस्तकं जमवणारा, देवभोळा म्हणून ओळखला जाई. काकाने त्याला भित्रा ठरवून टाकलं होतं. मे १३८५मध्ये देवदर्शनाच्या निमित्ताने मिलानजवळून जाताना त्याने काकाला भेटीला बोलावलं. बेर्नाबो मोजक्या माणसांनिशी खेचरावर बसून आला आणि पुतण्याच्या भालाईतांनी त्याला तिथेच धरलं. हा बेर्नाबो नुसता काका नव्हता, सासराही होता. पुतण्याची दुसरी बायको त्याचीच मुलगी. डिसेंबरात तो त्रेत्सोच्या किल्ल्यात कैदेतच मेला. विषाची चर्चा तेव्हाही झाली.

पुढची सतरा वर्षं पुतण्याने नुसता नकाशा रंगवला. व्हेरोना, पादुआ, पिसा, सिएना, पेरुजा. १३९५मध्ये जर्मनांच्या वेन्सेस्लास राजाकडून 'ड्यूक' हा किताब घेतला, एक लाख फ्लोरिन मोजून. मिलानच्या प्रचंड कॅथीड्रलचं काम त्याच्याच काळात सुरू झालं आणि त्याचा संगमरवर कांदोलियाच्या खाणींतून पाण्याच्या वाटेने शहरात येऊ लागला. मांतुआभोवतीची तळी आटवून शहर उघडं पाडायचं म्हणून मिंचो नदीच वळवायचा घाट त्याने घातला. त्यासाठी १३९३मध्ये बांधलेला साडेसहाशे मीटर लांबीचा तटबंद बांधपूल व्हालेज्जो गावात आजही उभा आहे. नदी काही वळली नाही.

पण मला या गृहस्थाबद्दल ममत्व आहे ते वेगळ्याच कारणाने. पाव्हियाच्या किल्ल्यात त्याचा ग्रंथसंग्रह होता. १४२६च्या यादीत त्यात ९८८ हस्तलिखितं मोजलेली आहेत. याच पुस्तकांच्या सोबतीला १३८१मध्ये त्याने एक यंत्र आणून ठेवलं. उंची जेमतेम मीटरभर. सात बाजूंची चौकट, खाली पंजाच्या आकाराचे सात पाय, वर सात तबकड्या. नाव अ‍ॅस्ट्रारियम. कर्ता जोव्हान्नी डोंदी, पादुआचा वैद्य आणि खगोलाचा अध्यापक. बापाने पादुआच्या मनोऱ्यावर घड्याळ बसवलं होतं, म्हणून घराण्याला आडनावच पडलं 'घड्याळवाले'. मुलाने १३४८ ते १३६४ अशी सोळा वर्षं घालून हे यंत्र उभं केलं. १०७ दातेरी चाकं, सगळी हाताने कानस मारून घडवलेली. स्क्रू एकही नाही, सांधे निमुळत्या खुंट्यांनी आणि पाचरांनी आवळलेले.

लहानपणी मी आजोबांचं चावीचं घड्याळ उघडलं होतं. जोडून झाल्यावर दोन चाकं उरली आणि एक कानशिलात बसली. त्यामुळे १०७ या आकड्याचं मोल मला जरा जास्तच कळतं. डोंदीने आपल्या यंत्राची कृती तपशीलवार लिहून ठेवली आहे, पण वजनावर चालणाऱ्या साध्या घड्याळाचा भाग त्याने उरकून टाकला. तो सगळ्यांना ठाऊकच असतो, आणि ज्याला तेवढंही स्वतःचं स्वतः जमत नाही त्याने या कामाला हातच घालू नये, असा त्याचा रोख. आजोबांचंही साधारण हेच म्हणणं होतं.

आता मुद्द्याचं. सात तबकड्यांपैकी एकीवर ताऱ्यांचं रोजचं फिरणं आणि सूर्य, एकीवर चंद्र, उरलेल्या पाचांवर बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. घड्याळाचा काटा एका दिशेने फिरतो, हे आपण गृहीतच धरतो. मंगळाच्या काट्याला ती सोय नाही. तो महिनोन्‌महिने राशींतून पुढे सरकतो, मग मंदावतो, थबकतो, दोनेक महिने मागे येतो, पुन्हा थबकतो आणि पुढे निघतो. आणि हे सगळं अशा वजनाच्या जोरावर व्हायचं, ज्याला फक्त खाली उतरता येतं! एकाच दिशेच्या ओढीतून मागे-पुढे चाल कशी काढायची?

जत्रेतला 'ब्रेकडान्स' आठवा. मोठा गोल मंच फिरतो आणि त्यावर बसायच्या वाट्या स्वतःभोवती फिरतात. समजा दोन्ही एकाच दिशेने फिरताहेत आणि तुम्ही मंचाच्या मधल्या खांबापाशी उभे आहात. वाटीतली मुलगी मागच्या दुकानांच्या दिव्यांसमोरून सरकताना दिसते. ती वाटीच्या बाहेरच्या कडेला असते तेव्हा मंचाचा वेग आणि वाटीचा वेग यांची बेरीज होते, ती झपकन पुढे जाते. वाटी तिला तुमच्या जवळ, आतल्या कडेला आणते तेव्हा वजाबाकी होते. वाटीचा वेग जास्त असेल तर मुलगी दिव्यांसमोरून चक्क मागे जाताना दिसते. कुणीही दिशा बदललेली नाही. हाच 'वक्री'.

शिवाय मागे जाताना ती तुमच्या सगळ्यात जवळ असते, म्हणून मोठी दिसते. मंगळही वक्री असतानाच सगळ्यात तेजस्वी दिसतो. एका खेळण्यातून दोन गोष्टी सुटल्या! दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हा हिशेब पक्का मांडून दिला होता. डोंदीने मंच आणि वाटी पितळेच्या केल्या.

खरं कारण आज आपल्याला ठाऊक आहे. मंगळ मागे जात नाही, आतल्या मार्गावरून पृथ्वी त्याला गाठून पुढे जाते. फास्ट लोकलमधून पाहताना शेजारची स्लो लोकल मागे सरकल्यासारखी वाटते, तसं. साधारण ७८० दिवसांनी ही गाठ पडते. पण मग टॉलेमीची वाटी इतकी चपखल कशी बसली? कारण ती वाटी म्हणजे पृथ्वीचीच प्रदक्षिणा आहे, चुकून मंगळाच्या खात्यावर टाकलेली. म्हणूनच मंगळ, गुरू आणि शनी या तिघांच्या वाट्या सूर्याच्या वर्षाशी बांधलेल्या निघतात. डोंदीच्या यंत्रात ३६५ दात्यांचं एक मोठं वर्षचक्र होतं, रोज एक दात पुढे सरकणारं, आणि ग्रहांच्या तबकड्यांना चाल मिळे ती त्याच्याकडून. सूर्याचं वर्ष बाकी ग्रहांच्या पोटात काय करतंय, हा प्रश्न यंत्रात शब्दशः दात विचकून उभा होता. तो नीट विचारायला सूर्याला मध्यावर ठेवणारा कोपर्निकस यावा लागला.

इथून पुढे थोडं अवघड आहे, पण माझा खरा जीव इथेच अडकलेला आहे, तेव्हा चार ओळी सोसा.

चाकाला दात पूर्णांकातच असतात. साडेसत्तावीस दात पाडता येत नाहीत. ग्रहांचे काळ मात्र पूर्णांक पाळत नाहीत. शुक्राचं चक्र, म्हणजे एकदा वक्री झाल्यापासून पुन्हा वक्री होईपर्यंतचा काळ, ५८३.९२ दिवसांचं. अशी पाच चक्रं आठ वर्षांत बसवली, म्हणजे ८ ला ५ असं गुणोत्तर धरलं, तर आठ वर्षांत दोन दिवसांच्या वर थोडी चूक पडते. चालण्यासारखी आहे. शनीला सरळ ३० वर्षं दिली तर एका फेरीत जवळजवळ अर्ध्या वर्षाचा फरक पडतो. ते चालण्यासारखं नाही. मग मधे आणखी चाकं घालायची, गुणोत्तरांचे तुकडे करायचे, आणि तरीही अधूनमधून काटा हाताने सरकवायचा.

त्यात टॉलेमीने आणखी एक मेख मारलेली. त्याचा मंच पृथ्वीला मध्यावर धरत नाही, आणि मंचाचा वेग सारखा वाटतो तो पृथ्वीवरूनही नाही, मंचाच्या मध्यावरूनही नाही, तर पलीकडच्या तिसऱ्याच एका बिंदूवरून. म्हणजे एका बिंदूभोवती वर्तुळ, दुसऱ्याभोवती समान वेग आणि तिसऱ्यावरून पाहणारे आपण. बुध तर याहून नाठाळ. त्याच्या वाटीचा मध्य फिरता फिरता पृथ्वीच्या जवळ येतो आणि लांब जातो, त्याची वाट अंड्यासारखी होते. साधी गोल चाकं अशा वाटेवर एकमेकांना धरून राहूच शकत नाहीत, मधेच दात सुटतात. डोंदीने चाकंच अंडाकृती केली. मग कडेवर दात सारख्या अंतरावर पाडले की केंद्रातून पाहताना ते सारख्या कोनात पडत नाहीत, कुठे दाटी, कुठे पांगापांग. हा हिशेब त्याने कंपास आणि कानस घेऊन निस्तरला. चंद्राच्या तबकडीतही असंच अंडाकृती चाक आहे.

(हे वाचून कुणी 'केप्लरच्या आधीच लंबवर्तुळ सापडलं होतं' असा निरोप फिरवायच्या बेतात असेल तर थांबा. केप्लरचं लंबवर्तुळ सूर्याभोवती आहे आणि मंगळाच्या निरीक्षणांतून आलं आहे. डोंदीचं अंडं टॉलेमीच्या वर्तुळांच्या गुंत्यातून आपोआप पडलेलं. 'जगातला पहिला संगणक' हेही नको, कारण ग्रीकांच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेलं दातेरी यंत्र याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचं आहे.)

चंद्राची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉलेमीच्या हिशेबाने चंद्र कधी पृथ्वीपासून ६४ पृथ्वी-त्रिज्यांवर असतो, तर कधी ३४ वर. तसं खरंच असतं तर अर्धचंद्राच्या दिवशी तो कधीकधी जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा होता. शेंबड्या पोरालाही दिसतं की तो तसा दिसत नाही. पण तबकडीवर अंतर दाखवायचंच नव्हतं, फक्त दिशा. ती बऱ्यापैकी बरोबर येत होती. ग्रह कुठे दिसेल हे बिनचूक सांगायला तो तिथे का आहे हे कळावं लागत नाही. मला वाटतं सगळा फलज्योतिषाचा धंदा याच फटीत वसलेला आहे. पंचांगातलं ग्रहण मिनिटावर जमतं, म्हणून शेजारच्या रकान्यातलं राशिभविष्यही गणितच असणार असं लोक धरून चालतात.

डोंदीच्या काळात तर ही फटही कुणाला दिसत नव्हती. त्याने काम सुरू केलं ते १३४८ साल युरोपात काळ्या प्लेगचं. पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने त्याच वर्षी राजाला अहवाल दिला की १३४५मध्ये कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ एकत्र आले, त्यातून हवा नासली आणि मरी पसरली. वैद्याला ग्रहांची स्थिती लागायची ती रक्त कधी काढायचं, रेचक कधी द्यायचं हे ठरवायला. तेव्हा वैद्याने सोळा वर्षं घालून ग्रहयंत्र करणं हे त्या काळी धंद्याला धरूनच होतं.

आणि कुणाला योगायोगच हवा असेल तर घ्या. शनी आणि गुरू साधारण वीस वर्षांनी एकत्र येतात. तशी युती १३८५च्या वसंतातही झाली, बेर्नाबो पकडला गेला त्याच्या महिनाभर आधी. पुतण्याच्या ग्रंथालयात दोन तबकड्यांवर दोन काटे एकाच अंशापाशी. पण तीच युती काकाच्याही डोक्यावर होती, आणि त्या दिवशी युरोपात खेचरावर बसलेल्या झाडून सगळ्यांच्याही.

१४०२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाशात एक धूमकेतू आला, इतका तेजस्वी की काही दिवस तो भर दिवसा दिसत होता. डोंदीच्या सात तबकड्यांत त्याला जागा नव्हती. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे धूमकेतू हा ग्रहगोलांतला नव्हेच, तो हवेच्या वरच्या थरातला पेटता धूर. तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे असतो हे टायको ब्राहेने मोजून दाखवलं ते १५७७च्या धूमकेतूवरून. जूनअखेरीस ड्यूकच्या फौजांनी बोलोन्या घेतलं. आता फ्लॉरेन्स तेवढं उरलं होतं, तेही चहूकडून कोंडलेलं. उन्हाळ्यात प्लेग पुन्हा पसरला, तेव्हा ड्यूक त्याला चुकवायला मेलेन्यानोच्या किल्ल्यात जाऊन राहिला. ऑगस्टमध्ये ताप भरला. तो धूमकेतू आपल्यासाठीच आला होता असं त्याने अंथरुणावर मानलं, आणि एवढी खूण धाडल्याबद्दल देवाचे आभारही मानले, असं सांगतात. ३ सप्टेंबर १४०२ला तो गेला, पन्नाशी पार करून. थोरला मुलगा चौदाचाही नव्हता. भाडोत्री सेनापतींनी एकेक शहर बळकावलं आणि फ्लॉरेन्स वाचलं.

तापाचं नेमकं निदान आज कोण करणार? पण प्लेगचं म्हणाल तर त्याचा जंतू, यर्सिनिया पेस्टिस, उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो, आणि हे माणसाला कळलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. खेचरावर बसून आलेल्या त्या बेर्नाबोने मात्र १३७४मध्येच फर्मान काढलं होतं की प्लेगची गाठ आलेल्याने शहराबाहेर, रानात जाऊन राहावं, बरा होईपर्यंत नाहीतर मरेपर्यंत. क्रूर होतं. पण त्यात एकाही ग्रहाचं नाव नव्हतं, आणि रोग माणसांकडून माणसांकडे जातो इतपत निरीक्षण त्यात होतं.

यंत्राचं पुढे काय झालं? १५३०च्या सुमारास सम्राट पाचव्या चार्ल्सच्या नजरेला ते पडलं तेव्हा ते गंजून बंद होतं. क्रेमोनाच्या जुआनेलो तोर्रियानोने तपासून सांगितलं की हे दुरुस्त होणार नाही, नवं करून देतो, आणि पुढे केलंही. मूळ यंत्र मग नाहीसं झालं. डोंदीची कृती मात्र हस्तलिखितांत टिकली, आणि तिच्यावरून विसाव्या शतकात कारागिरांनी ते पुन्हा घडवलं. एक प्रत मिलानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. तिचं वर्षचक्रही ३६५ दात्यांचंच. लीप वर्षासाठी डोंदीने कोणतीही यांत्रिक सोय केली नाही, सल्ला दिला: लीप वर्षात एक दिवस यंत्र बंद ठेवा.