फळमाशी : वार्धक्य आणि चयापचय

पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटर लांबीची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. बेळगाव-खानापूरकडे घरोघरी तिला 'चिलट' म्हणून हाकलतात. शेतकऱ्याच्या तोंडची 'फळमाशी' (कन्नडात 'हण्णिन नोण') मात्र आंबा नासवणारी बॅक्ट्रोसेरा होय. ती निराळ्या कुळातली असून धड फळातच अंडी घालते, आणि तिचे नर मिथाइल युजेनॉल या नरांना आकर्षित करणाऱ्या रसायनाच्या सापळ्यात सापडतात. ड्रॉसोफिला जगते ती आंबू लागलेल्या फळावरील यीस्टवर. प्रस्तुत नोंद तिच्यापुरती आहे.

२५° से. तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी सुमारे १० दिवसांत तयार होते आणि त्यानंतर साधारण दोन ते तीन महिने जगते. गारव्यात हे आयुष्य वाढते, असे लोब व नॉर्थ्रप यांनी १९१७ मध्ये दाखविले. त्या आधारे रेमंड पर्ल यांनी १९२८ च्या सुमारास चयापचय (शरीराचा अन्नातून ऊर्जा मिळवून ती खर्चण्याचा व्यवहार) जितका वेगवान तितके आयुष्य तोकडे, असे मत मांडले. ते सुटसुटीत असल्याने पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकले. पुढे मेनार्ड स्मिथ यांनी ड्रॉसोफिला सबऑब्स्क्युरा या जातीच्या माश्या तरुणपणी काही काळ उष्ण तापमानात ठेवून परत गारव्यात आणल्या, तेव्हा पर्ल यांच्या हिशेबाइतके त्यांचे आयुष्य घटले नाही. 'चिको' या जनुकात बदल झाल्याने इन्शुलिन-संकेत (पेशींना पोषणाची वर्दी देणारी यंत्रणा) क्षीण असलेल्या माश्या दीर्घायुषी असतात, पण त्यांचा चयापचयाचा दर कमी आढळत नाही (२००४). त्यामुळे पर्ल यांचे मत आज मूळ स्वरूपात ग्राह्य मानणे कठीण आहे.

वयाबरोबर ऑक्सिजनचा वापर, म्हणजे चयापचयाचे माप, घटतो काय, यावर एकवाक्यता नाही. काही वाणांत तो घटतो, काहींत जवळपास तेवढाच राहतो. मोजमाप हलत्या माशीवर होते, हे यामागचे एक कारण असावे. माश्या ठेवलेली काचनळी टेबलावर ठोकली की तरुण माशी क्षणात वर चढते. म्हातारी तळाशीच रेंगाळते, आणि कमी हालचालीचा खर्चही कमीच. सूत्रकणिकांतील (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या कणांतील) सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज या ऑक्सिजन वापरणाऱ्या विकराची क्रियाशीलता उतारवयात मंदावते, याविषयी मतभेद कमी आहेत. आतड्याची अवस्था तर डोळ्यांनी पाहता येते. निळा रंग मिसळलेले खाद्य दिल्यास तो तरुण माशीच्या अन्नमार्गातच राहतो. आतडे झिरपू लागलेली माशी मात्र अंगभर निळी होते, तिचे ग्लायकोजेन व मेद यांचे साठे आटलेले असतात आणि ती बहुधा काही दिवसांतच मरते.

खाद्य आटोक्यात ठेवले की सुमारे ४८ तासांत मृत्यूदर उतरतो, मग माशी कितीही वयाची असो (२००३). म्हणून खाद्याची कृती गौण नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या परंपरेत एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा व १० ग्रॅम आगर शिजवून त्यात बुरशी रोखणारे प्रोपिऑनिक आम्ल घालतात आणि वर यीस्टचे दाणे टाकतात. आम्ल व यीस्ट वगळल्यास हा जवळजवळ गुळाचा शिराच. शर्करा व यीस्ट यांच्या प्रमाणावर आयुर्मान अवलंबून असल्याने मक्याच्या पिठाच्या परदेशी खाद्यावरील आकडे या माश्यांना जसेच्या तसे लावू नयेत.