उत्क्रांतीचे पुरावे

उत्क्रांतीचे पुरावे : सजीवांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात आणि आजच्या जाती समान पूर्वजांपासून फुटत आल्या आहेत, हे ज्यांच्या आधारे सिद्ध होते ती निरीक्षणे. जीवाश्म, शरीररचना, भ्रूणविज्ञान, जीवभूगोल व रेणवीय जीवविज्ञान या शाखांतून ती मिळतात. खडकातले हाड तपासणाऱ्याची पद्धत वेगळी, डीएनए वाचणाऱ्याची वेगळी; चुका होण्याच्या जागाही वेगळ्या. तरीही दोघे एकाच वंशवृक्षापाशी येतात, हे या पुराव्याचे खरे बळ आहे. जिथे ते आधी जुळले नव्हते, ते देवमाशांचे उदाहरण म्हणूनच विशेष महत्त्वाचे ठरते.

देवमासे सस्तन आहेत व त्यांचे पूर्वज जमिनीवरचे होते, याबद्दल दुमत नव्हते. वाद होता तो पूर्वज कोण याचा. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलेन यांनी दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड या लुप्त मांसाहारी गटाकडे बोट दाखवले आणि पुराजीववैज्ञानिकांत हे मत बराच काळ प्रबळ राहिले. रक्तातील प्रथिने आणि पुढे डीएनए मात्र देवमाशांना गाय, डुक्कर, पाणघोडा यांच्या समखुरी (पायाला समसंख्य खुर असलेल्या) गणात, तेही पाणघोड्याजवळ बसवत होते. निर्णय दिला तो घोट्याच्या एका हाडाने. समखुरी प्राण्यांत या हाडाची दोन्ही टोके कप्पीसारखी खोबणीदार असतात. इतर सस्तनांत वरचेच टोक तसे असते. २००१ मध्ये पाकिस्तानातील आदिदेवमाशांचे घोटे प्रसिद्ध झाले आणि त्यांत ही दुहेरी कप्पी स्पष्ट दिसली. मेसोनिकिडांशी असलेले दातांचे साम्य स्वतंत्रपणे उद्भवले असावे, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांतून याच प्रश्नाला आणखी एक दुवा मिळाला. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा इंडोह्यूस हा लहान खुरी प्राणी. त्याची कवटी साफ करताना कानाचा भाग चुकून फुटला आणि आतील कडेचे हाड देवमाशांत असते तसे जाड असल्याचे दिसून आले. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडोह्यूसचा गट हा देवमाशांचा निकटचा जीवाश्म आप्त आणि पाणघोडा हा निकटचा जिवंत आप्त, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते.

इतर जीवाश्मांपैकी जर्मनीतील बव्हेरियात सापडलेला, सरीसृप व पक्षी या दोहोंची लक्षणे असलेला आर्किऑप्टेरिक्स (१८६१) सर्वपरिचित आहे. कॅनडाच्या एल्समियर बेटावर २००४ मध्ये सापडलेला टिक्टालिक हा मासे व चतुष्पाद (चार पायांचे प्राणी) यांच्यामधला जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला माशासारखे खवले व पर (पोहण्याचे अवयव) आहेत, शिवाय चतुष्पादांसारखी मानही आहे. पोलंडमधील त्याहून जुन्या पाऊलखुणा चतुष्पादांच्या असतील, तर टिक्टालिक थेट पूर्वज नसून उशिरापर्यंत टिकलेली शाखा ठरेल. मात्र त्या खुणा कोणाच्या, याबाबत एकमत नाही.

भ्रूणविज्ञानात निरनिराळ्या प्राण्यांचे भ्रूण सारखे दाखवणारी अर्न्स्ट हेकेल यांची चित्रे विश्वासार्ह नाहीत आणि ती पुरावा म्हणून देऊ नयेत. झालरीने अन्न गाळणाऱ्या देवमाशांच्या गर्भात दंतांकुर येतात व जन्मापूर्वीच विरतात, हे निरीक्षण मात्र भक्कम आहे.

रेणवीय पुराव्यांत मानवाचे दुसरे गुणसूत्र बोलके आहे. चिंपँझी, गोरिला व ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, मानवाला २३. दोन पूर्वज गुणसूत्रे टोकाला टोक लागून जुळली असतील, तर सांध्यावर गुणसूत्राच्या टोकाला असणारे डीएनएचे क्रम आणि कुठेतरी निकामी झालेला दुसरा गुणसूत्रबिंदू (प्रत्येक गुणसूत्रात एकच असणारा आखूड भाग) सापडायला हवा. दोन्ही सापडले, सांध्याचा क्रम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क जीवनसत्त्व बनवणारे जनुक मानव, वानर व माकडे यांच्यात मोडके आहे. गिनीपिगमध्येही ते मोडके आहे, पण तिथली मोडतोड वेगळी, म्हणजे स्वतंत्रपणे झालेली आहे.

उत्क्रांती प्रयोगशाळेतही पाहता येते. जीववैज्ञानिक रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ वसाहती वाढवायला सुरुवात केली. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यांपैकी एकीला प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) खाता येऊ लागले, जे या जिवाणूंना एरवी जमत नाही. गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा वाढवल्या, तेव्हा ही क्षमता फक्त नंतरच्या पिढ्यांतून परत आली. आधी कधीतरी घडलेल्या एखाद्या बदलाने तिची वाट मोकळी केली होती.