इंटरनेटचा फेरफार कोण मंजूर करतं?

28 जानेवारी 1998 रोजी, इंटरनेटच्या पत्त्यांची नोंद सांभाळणारे संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी कॅलिफोर्नियातून एक ईमेल पाठवला. आठ रूट सर्व्हर, म्हणजे पत्त्यांची मूळ यादी जगाला पुरवणारे संगणक, चालवणाऱ्यांना त्यांनी कळवलं, की ती यादी यापुढे अमेरिकी सरकारच्या कंत्राटदार नेटवर्क सोल्युशन्स कंपनीच्या सर्व्हरवरून नको, आमच्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं. व्हाइट हाउसच्या सल्लागाराचा फोन गेल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचं सांगितलं आणि घडी पुन्हा होती तशी बसवली. पण इंटरनेटचा मूळ कागद अमुक एकाच्याच ताब्यात राहील असा कायदा कुठेच नाही, सगळं विश्वासावर चाललंय, हे त्या काही दिवसांत उघड झालं.

हा कागद म्हणजे रूट झोन: .इन, .कॉम, .भारत या शेपट्यांची माहिती कोणत्या सर्व्हरकडे मागायची, त्याची नोंदवही. इंटरनेटचा सातबाराच म्हणा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात नोंदवली गेली, ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारले, आणि पुढे नोंदवही आयकॅनकडे आली. तलाठ्याने नोंद घ्यावी आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, तशी इथली रीत होती. नोंद आयकॅनची, मंजुरी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची. .इनचा सर्व्हर बदलायचा तरी कागद वॉशिंग्टनवरून जायचा. खातं फक्त कार्यपद्धती तपासतं, असा खुलासा असे. तो खराही असेल, पण आपल्या जमिनीच्या फेरफारावर दुसऱ्या देशाची सही कोणाला रुचेल?

2005 मध्ये ट्यूनिस इथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाजविषयक शिखर परिषदेत यावरून बरीच ओढाताण झाली. हाती लागला तो इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, म्हणजे चर्चेचं व्यासपीठ. ऑक्टोबर 2011 मध्ये भारताने इंटरनेटच्या कारभारासाठी संयुक्त राष्ट्रांत 50 सदस्य देशांची समिती सुचवली. मला त्या प्रस्तावातली तक्रार रास्त वाटते, उपाय नाही. सरकारांच्या समितीत तंत्रज्ञ आणि वापरकर्ते सल्ल्यापुरतेच उरले असते. 2015 मध्ये भारतानेही सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, वापरकर्ते अशा सर्व घटकांच्या सहभागाच्या पद्धतीला पाठिंबा दिला.

दरम्यान 2013 मध्ये, अमेरिकी हेरखात्याची इंटरनेटवरची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेन प्रकरणाने अमेरिकेच्या देखरेखीवरचा विश्वास पार ढासळला. 14 मार्च 2014 रोजी वाणिज्य खात्याने मंजुरी देण्याची ही भूमिका सोडण्याची तयारी जाहीर केली. पण सही गेल्यावर आयकॅनला जाब विचारणार कोण? त्यावर तोडगा निघायला अडीच वर्षं लागली. संचालकांना हटवण्याचा आणि अंदाजपत्रक नाकारण्याचा अधिकार या सर्व घटकांच्या समुदायाला मिळाला, आणि 1 ऑक्टोबर 2016 पासून वॉशिंग्टनची सही बंद झाली.

आयकॅनला जाब कोण विचारतो, याची परीक्षा पुढे झाली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये .ऑर्गची नोंदणी सांभाळणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला 113.5 कोटी डॉलरना विकण्याचा घाट घातला गेला. एक कोटीहून जास्त पत्ते, त्यांत असंख्य सेवाभावी संस्था. या विक्रीला आयकॅनची संमती लागणार होती. जगभरातून विरोध झाला. आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली, म्हणून एप्रिल 2020 मध्ये तिथल्या अॅटर्नी जनरलनी विक्रीविरोधात आयकॅनला पत्र लिहिलं. पंधरवड्यात, 30 एप्रिलला, आयकॅनने संमती नाकारली.