काउंटी शेरीफ : पात्रता व पूर्वानुभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक काउंट्यांचा मुख्य पोलीस अधिकारी म्हणजे काउंटी शेरीफ. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फरक असा, की आपल्या जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक राज्य सरकार नेमते आणि त्याची बदलीही तेच करते. शेरीफला मतदार निवडून देतात. ५० पैकी ४६ राज्यांत हे पद निवडणुकीने भरले जाते. अलास्का, हवाई, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड या चार राज्यांत निवडून आलेला काउंटी शेरीफ नाही. कनेटिकटने तर २००० साली मतदान घेऊन ते पदच मोडीत काढले. मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षांची असली, तरी न्यू हॅम्पशरमध्ये दोन, न्यू जर्सीत तीन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षे. पद निवडणुकीचे असल्यामुळे पात्रतेचा हिशेब दोन ठिकाणी होतो : कायद्याच्या पुस्तकात आणि मतपत्रिकेवर.

हा शब्द जुन्या इंग्रजीतला. शायर म्हणजे परगणा आणि रीव्ह म्हणजे राजाचा कारभारी. या दोन्हींचा उच्चार झिजून शेरीफ झाला. सारा वसूल करणे, राजाचे हुकूम बजावणे, गुन्हेगार धरणे ही त्याची कामे पाहिली, तर तो फौजदारापेक्षा जुन्या मामलेदाराला जवळचा वाटतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेत, शेरीफांच्या मनमानीला आळा घालणारी कलमे आहेत, म्हणजे तक्रारीही तितक्याच जुन्या. इंग्रज वसाहतवाल्यांनी हे पद व्हर्जिनियात नेले. तिथे १६३४ साली आठ शायर आखले गेले. इंग्लंडात पुढे ते निव्वळ मानाचे उरले. मुंबईला मिळाले ते याच शाखेतले. मुंबईचे नगरपाल, म्हणजेच शेरीफ ऑफ बॉम्बे, यांना वर्षभराचा मान मिळतो. पोलिसांवर अधिकार मिळत नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो १८६९ आणि १८७१ असा दोनदा मिळाला, सुनील गावसकरांना १९९४ मध्ये. अमेरिकेत मात्र पदाचे दात शाबूत राहिले, आणि वर निवडणूक आली.

कामाचा पसारा राज्याराज्यांत वेगळा आहे. शहरांना स्वतःचे पोलीस खाते असते, त्यामुळे शेरीफची गस्त मुख्यतः शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागात आणि कंत्राटाने त्याची सेवा घेणाऱ्या लहान गावांत चालते. काउंटीचा तुरुंग बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात असतो. न्यायालयाचा बंदोबस्त, समन्स आणि वॉरंट बजावणे, घर खाली करून घेणे, जप्त मालमत्तेचा लिलाव करणे हीदेखील त्याचीच कामे. केंटकी आणि लुइझियानात तो आजही मालमत्ता कर गोळा करतो. कॅलिफोर्नियातील अनेक काउंट्यांत मृत्यूचे कारण तपासणारा कोरोनर तोच. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याकडे प्रामुख्याने तुरुंग आणि न्यायालये, रस्त्यावरचे पोलीसकाम शहराच्या पोलीस खात्याकडे. आकाराचे अंतर तर थक्क करणारे आहे. २०२० च्या जनगणनेत टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची लोकसंख्या ६४ भरली, लॉस अँजेलिस काउंटीची एक कोटीवर. पदाचे नाव दोन्हीकडे एकच.

एकोणिसाव्या शतकात या पदासाठी पोलीसगिरीचा अनुभव कोणी मागत नसे. पक्षाशी निष्ठा आणि गावात वजन पुरे. पुढे १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलंड पेशाने वकील. १८७१ ते १८७३ या काळात ते न्यूयॉर्क राज्यातील ईरी काउंटीचे शेरीफ होते. फाशीची अंमलबजावणी तेव्हा शेरीफकडे असे, आणि हाताखालच्या माणसाला थोडे पैसे देऊन ते काम उरकता येई. क्लीव्हलंड यांनी तसे केले नाही. दोन कैद्यांच्या वेळी पायाखालची फळी पाडण्याचा खटका त्यांनी स्वतःच ओढला. विरोधकांनी पुढे त्यावरून त्यांना ‘बफेलोचा फाशीवाला’ म्हणून हिणवले. बफेलो हे ईरी काउंटीतले शहर. वकिलाने शेरीफ व्हावे याचे मात्र कोणाला काही वाटले नाही.

कायद्याने मागितलेली पात्रता आजही पुष्कळ राज्यांत तोकडी आहे : काउंटीचा रहिवासी, नोंदणीकृत मतदार, ठरावीक वय, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणे. यातली शेवटची अट गृहीत धरलेली असेल असे वाटते, पण नॉर्थ कॅरोलिनाने ती राज्यघटनेत घातली ती २०१० साली. फ्लोरिडात शेरीफच्या हाताखालच्या शिपायाला राज्याचे पोलीस प्रमाणपत्र लागते, खुद्द शेरीफला ते लागत नाही. जॉर्जियाने मधला मार्ग काढला आहे. तिथे उमेदवार किमान २५ वर्षांचा, काउंटीत दोन वर्षे राहिलेला आणि शालान्त परीक्षा झालेला हवा, त्याने बोटांचे ठसे द्यायला हवेत, आणि प्रमाणपत्र आधी नसेल तर पदावर आल्यापासून सहा महिन्यांत मिळवायला हवे.

सर्वांत तपशीलवार नियम कॅलिफोर्नियाचा. शिक्षण आणि नोकरी यांची तिथे तागडीच लावली आहे. राज्याच्या पोलीस प्रशिक्षण आयोगाचे प्रगत प्रमाणपत्र असेल, तर प्रश्नच मिटला. नसेल, तर पदव्युत्तर पदवीबरोबर एक वर्षाची पूर्णवेळ पगारी पोलीसनोकरी, पदवीबरोबर दोन वर्षे, दोन वर्षांच्या महाविद्यालयीन पदविकेबरोबर तीन, आणि नुसत्या शालान्त परीक्षेबरोबर चार वर्षे. शिवाय या नोकरीचा काही भाग तरी अर्ज भरण्याआधीच्या पाच वर्षांतला हवा. १ जानेवारी १९८९ रोजी पदावर असलेल्यांना सूट मिळाली. त्यांत सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल हेनेसी होते, पेशाने वकील. लागोपाठ निवडून येत ते १९८० पासून २०१२ पर्यंत पदावर राहिले. ते नव्याने उभे राहते, तर या नियमापुढे त्यांचा अर्ज टिकला नसता.

कायदा कितीही सैल असला, तरी आज मतदारांपुढे उभा राहणारा उमेदवार बहुधा याच पेशात मुरलेला असतो. त्याची वाट ठरलेली आहे. अकादमीत काही महिन्यांचे प्रशिक्षण, मग डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, म्हणून भरती. मोठ्या काउंट्यांत नवख्या डेप्युटीची पहिली नेमणूक अनेकदा तुरुंगात होते : कोठड्यांची मोजणी, जेवणाच्या गाड्या, वकिलांच्या भेटी. गस्तीची मोटार त्यानंतर. पुढे तपास विभाग, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, आणि नशीब व साहेबाची मर्जी असेल तर अंडरशेरीफ, म्हणजे शेरीफच्या खालोखालचा अधिकारी. मध्येच कधीतरी रात्रीच्या वर्गांतून फौजदारी न्याय किंवा लोकप्रशासन या विषयातली पदवी. परिचयपत्रात हमखास सापडणारी आणखी एक ओळ म्हणजे व्हर्जिनियातील क्वांटिको येथील एफबीआय, म्हणजे केंद्रीय तपास यंत्रणा, हिची नॅशनल अकादमी. १९३५ साली सुरू झालेला हा दहा आठवड्यांचा वर्ग. शेवटी सहा मैलांहून थोडी लांब अडथळ्यांची शर्यत असते आणि ती पुरी करणाऱ्याला पिवळी वीट मिळते. ही वीट मग वर्षानुवर्षे कचेरीतल्या टेबलावर दिमाखात बसते.

मतदाराला यातले फार थोडे दिसते. कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली त्याचा पेशा जास्तीत जास्त तीन शब्दांत छापतात, आणि ३० वर्षांची नोकरी त्या तीन शब्दांत कोंबावी लागते. त्या शब्दांवरून उमेदवार एकमेकांना न्यायालयातही खेचतात, कारण नाव न ओळखणारा मतदार तेवढेच वाचून खूण करतो याची त्यांना खात्री असते. बाकी प्रचारात गणवेशातला फोटो, डेप्युटींच्या संघटनेचा पाठिंबा आणि माजी शेरीफची शिफारस. बहुतेक राज्यांत उमेदवार पक्षाच्या चिन्हावर लढतो, कॅलिफोर्नियात पक्षाविना. एकदा निवडून आलेला शेरीफ सहसा हरत नाही, आणि त्याच्या विरोधात उभे राहणाऱ्या डेप्युटीला उद्या त्याच साहेबाच्या हाताखाली हजेरी लावायची असते. अनुभवी माणसे रांगेत थांबण्याचे हेही एक कारण.

अनुभव आणि शिक्षण दोन्ही भरपूर असून काय होऊ शकते, ते लॉस अँजेलिसमध्ये दिसले. ली बाका १९६५ साली खात्यात डेप्युटी म्हणून लागले, पायरीपायरीने चढले, नोकरी सांभाळून लोकप्रशासनात डॉक्टरेट मिळवली आणि १९९८ मध्ये शेरीफ झाले. कागदावर याहून भरभक्कम उमेदवार सापडणे कठीण. त्यांचा पाय घसरला तो तुरुंगात. डेप्युटी कैद्यांना मारहाण करतात या तक्रारींचा तपास एफबीआय करत होती. २०११ मध्ये एफबीआयचा खबऱ्या असलेला एक कैदी डेप्युटींनी नावे बदलून जागोजागी हलवला, म्हणजे तपासवाल्यांना तो सापडू नये. अंडरशेरीफ पॉल टनाका यांना या प्रकरणी पाच वर्षांची शिक्षा झाली. बाका यांनी २०१४ मध्ये पद सोडले, २०१७ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल ते दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१८ मध्ये निवृत्त लेफ्टनंट अलेक्स व्हियानुएव्हा यांनी विद्यमान शेरीफ जिम मॅकडॉनेल यांना हरवले. या काउंटीत विद्यमान शेरीफ पडण्याची ही शतकाभरातली पहिलीच वेळ. मॅकडॉनेल त्याआधी लाँग बीच शहराचे पोलीसप्रमुख होते, म्हणजे बढतीच्या उतरंडीत कितीतरी वर. २०२२ मध्ये व्हियानुएव्हा स्वतः हरले, आणि जिंकणारे रॉबर्ट लुना हेही लाँग बीचचेच माजी पोलीसप्रमुख. त्याच दिवशी मतदारांनी आणखी एक ठराव मंजूर केला : सबळ कारण असल्यास काउंटीच्या पाच सदस्यांच्या मंडळातील चौघे मिळून शेरीफला काढू शकतील.

गोऱ्या पुरुषांची या पदावरची मक्तेदारीही बढतीच्या याच वाटेशी जोडलेली आहे, कारण खात्यात जे भरलेच गेले नाहीत ते वरपर्यंत पोहोचणार कसे? शेरीफ म्हणून निवडून आलेली देशातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री जॅकी बॅरेट, जॉर्जियातील फुल्टन काउंटीत, १९९२ साली.

फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीने १९६६ साली निवडणुकीचे शेरीफपद बंद करून नेमणुकीचा पोलीस संचालक आणला होता. २०१८ मध्ये राज्यघटना बदलली आणि हे पद पुन्हा निवडणुकीने भरणे भाग पडले. २०२४ च्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, फेरीत दोन्ही पक्षांचे मिळून डझनाहून अधिक उमेदवार उभे राहिले. अंतिम लढतीत एका बाजूला काउंटी पोलिसांत कारकीर्द घडवलेल्या रोझी कॉर्डेरो-स्टट्झ, दुसऱ्या बाजूला काउंटीचे तुरुंग खाते चालवलेले जेम्स रेयेस. कॉर्डेरो-स्टट्झ जिंकल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. तुरुंग तिथे शेरीफकडे आलेच नाहीत. ते महापौरांच्या कारभारातच राहिले.