विद्यापीठीय अध्यापन-पात्रता

विद्यापीठात शिकवणाऱ्याला आपला विषय नुसता येतो असे नाही, तर तो शिकवताही येतो, याची खात्री देणारे प्रमाणपत्र किंवा मान्यता. शाळेतल्या शिक्षकाला असे प्रशिक्षण बहुतेक देशांत घ्यावेच लागते; प्राध्यापकाला मात्र दीर्घकाळ पीएच.डी. पुरली.

खरे तर ‘डॉक्टर’ या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थच ‘शिकवणारा’. मध्ययुगीन युरोपात शिकवण्यासाठी परवाना लागे. या परवान्यासाठी पैसे घेऊ नयेत आणि लायक माणसाला तो नाकारू नये, असे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ११७९ मध्ये बजावले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांच्या प्रभावाने संशोधनाला मान आला आणि डॉक्टरेट प्रबंधाशी जोडली गेली. जर्मनीत डॉक्टरेटनंतर मिळवायच्या ‘हॅबिलिटेशन’ या अध्यापन-पात्रतेसाठी विद्वानांपुढे व्याख्यान द्यावे लागते, पण भर राहतो तो संशोधनावरच.

ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाची पाहणी करणाऱ्या डिअरिंग समितीने १९९७ मध्ये अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला आणि २००६ मध्ये देशपातळीवरची व्यावसायिक मानके आली. तिथला पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम साधारण ६० क्रेडिटचा असून नवे अध्यापक तो नोकरी सांभाळून करतात. कायद्याची सक्ती नाही, तरी नेमणूक कायम करताना अनेक विद्यापीठे ही अट घालतात. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी २००८ मध्ये परस्परांची अध्यापन-प्रमाणपत्रे मान्य केली.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे वर्गनिरीक्षण. सहकारी मागच्या बाकावर वही घेऊन बसतो आणि प्रश्न विचारल्यावर अध्यापक किती वेळ थांबला, हेही टिपतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला शाळेच्या वर्गांत हा अवधी जेमतेम एक सेकंद आढळला होता. तो तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबत आणि जास्त मुले बोलू लागत. व्याख्यानाच्या सभागृहात तर गप्प राहणे आणखी अवघड जाते, कारण शांतता पसरली की विद्वान माणूस स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. ही सवय प्रबंध लिहून मोडत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी दाखवून द्यावी लागते.

मूल्यमापन बहुधा लेखी परीक्षेने होत नाही. अध्यापक आपली पाठयोजना, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, तपासलेल्या उत्तरांवरचे शेरे आणि त्यानंतर शिकवण्यात केलेले बदल एका संचिकेत मांडतो. यातला शेवटचा भाग सर्वांत बोलका असतो. पुष्कळ काम असलेल्या अध्यापकाला हीच संचिका कागदी ओझे वाटू शकते. विद्यापीठाने त्यासाठी तासिका कमी केल्या नाहीत, तर ती तक्रार रास्तच आहे.